पाचशे रुपयांची पावती : आपल्या पार्किंगचा इतिहास

स्मरणिका समितीने विषय वाटून दिले, तेव्हा कुणाला गणेशोत्सव मिळाला, कुणाला बाग, कुणाला बोअरवेल. माझ्या वाट्याला पार्किंग आलं. ‘काका, तुम्हीच तेव्हा सचिव होतात, तुमच्याइतकं कुणाला माहीत?’ असं म्हणून समितीतल्या तरुण मंडळींनी जाडजूड फाइल माझ्या हातात ठेवली आणि चहा न घेता निघून गेली. फाइल चाळताना मला पूर्वीपासून ठाऊक असलेला एक कागद पुन्हा समोर आला. त्यावर माझी सही आहे. आपल्या पार्किंगचा इतिहास लिहायचा तर तो कागद वगळून लिहिता येणार नाही, म्हणून हा लेख थोडा लांबला आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सुरुवात सोसायटीच्याही आधीपासून करतो. मी १९७३ साली बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि पुढे अधिकारी झाल्यावर माझ्या अकरा बदल्या झाल्या. शेवगाव, जामखेड, कोपरगाव, कर्जत, पारनेर, मध्ये तीन वर्षे जिल्ह्याबाहेर. दर बदलीला ट्रक. सामान बांधायला गोणपाट आणि सुतळी, गाद्यांच्या वळकट्या, भांड्यांच्या ट्रंका, काचेचं सामान जुन्या वर्तमानपत्रात. देव सगळ्यांत शेवटी निघायचे आणि सौभाग्यवतींच्या मांडीवर बसून प्रवास करायचे. नव्या गावात पोचलो की आधी दूध उतू घालायचं, मग बाकीचं. ट्रक घरासमोर दुपारभर उभा असे. कोपरगावला तर तो अख्खी रात्र बोळात होता, कारण ड्रायव्हरला ताप भरला. शेजाऱ्यांनी त्याला पेज करून दिली. ‘ट्रक इथे का लावला?’ असं अकरा बदल्यांत मला एकदाही कुणी विचारलं नाही. हे आधी सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात मी हे विसरलो होतो.

आपली सोसायटी २००० साली नोंदली गेली. तेव्हा नगरला महानगरपालिका नव्हती, ती २००३ साली झाली. आपले नकाशे नगरपालिकेने मंजूर केलेले आहेत. सावेडीचा हा भाग तेव्हा निम्मा मोकळा होता. रात्री आठनंतर रिक्षावाला यायला कुरकुरायचा. सहकाराचं नगरकरांना काही नवल नाही. प्रवरानगरच्या कारखान्याची गोष्ट आपण शाळेतच ऐकलेली असते. पण घरांचा सहकार आपल्याकडे उशिरा आला. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची गृहनिर्माण संस्था १९१५ सालीच उभी राहिली होती. आपल्याकडे मात्र वाडा किंवा प्लॉट, एवढंच लोकांना माहीत. फ्लॅट घेतो म्हटल्यावर माझ्या थोरल्या भावाने विचारलं होतं, ‘म्हणजे जमीन कुणाची?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्याला पुढे सुप्रीम कोर्टाने दिलं. तिकडे येतोच.

चोवीस फ्लॅट, खाली खांबांवर उभा असलेला मोकळा तळमजला (ज्याला आपण सगळे स्टिल्ट म्हणतो), आणि कंपाउंडच्या आत चहूबाजूंनी जागा. पहिल्या वर्षीच्या गाड्यांची यादी फाइलमध्ये आहे. चारचाकी एकूण चार : तीन मारुती ८०० आणि एक फियाट. बाकी बजाजच्या स्कूटर, लुना, एम-८० आणि सायकली. त्या स्टिल्टमध्ये मुलं क्रिकेट खेळायची, उन्हाळ्यात बायका कुरडया वाळत घालायच्या आणि एक लग्नाची पंगतही तिथे उठली आहे. पार्किंग हा शब्द पहिल्या सहा वर्षांच्या इतिवृत्तात फक्त दोनदा येतो. त्यातला एक उल्लेख कुत्र्याबद्दल आहे.

तरीही भांडणाचं बी पहिल्या दिवशीच पेरलं गेलं होतं. बिल्डरने नऊ सभासदांना स्टिल्टमधील जागा ‘विकल्या’ होत्या. फ्लॅटच्या किमतीशिवाय पंचवीस हजार रुपये वेगळे, आणि त्याची साध्या कागदावर पावती. गाड्याच नव्हत्या तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. २००८-०९ पर्यंत चारचाकी चौदा झाल्या आणि मग आवाज वाढले. ज्यांच्याकडे पावती ते म्हणत, ‘आम्ही पैसे मोजलेत.’ ज्यांच्याकडे पावती नाही ते म्हणत, ‘मेंटेनन्स आम्हीपण भरतो.’ एका सभासदाने आपल्या जागेला साखळी लावली. दुसऱ्याने ती रात्री काढली. दोघांची मुलं एकाच शाळेत एकाच बाकावर बसत होती, तीही आठवडाभर वेगळी बसली.

हाच वाद तेव्हा मुंबईत दहिसरच्या एका इमारतीचा सुप्रीम कोर्टात चालला होता. पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था, फ्लॅट छप्पन्न, स्टिल्टमधील जागा पंचवीस. बिल्डर कंपनी नहालचंद लालूचंद. कंपनीचं म्हणणं असं की या पंचवीस जागा आमच्या मालकीच्या, सोसायटीने त्यात ढवळाढवळ करू नये. कंपनी सिटी सिव्हिल कोर्टात हरली, हायकोर्टात हरली आणि सुप्रीम कोर्टात गेली. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायमूर्ती लोढा आणि न्यायमूर्ती पटनाईक यांनी निकाल दिला : स्टिल्ट म्हणजे गॅरेज नव्हे. १९६३ च्या मोफा कायद्यात ‘फ्लॅट’च्या व्याख्येत गॅरेज येतं, पण खांबांमधली उघडी जागा त्यात बसत नाही. ती सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही.

मी तेव्हा नोकरीत होतो. वर्तमानपत्रातलं कात्रण कापून ठेवलं. २०११ मध्ये निवृत्त झालो आणि पुढच्या वर्षी तुम्ही सर्वांनी मला सचिव केलं. पहिलं काम हेच हाती घेतलं. त्या नऊ जणांना समजावणं सोपं नव्हतं. पैसे खरेच गेले होते आणि बिल्डर तोवर दुसऱ्या गावी गेला होता. सात जणांनी ऐकलं. दोघे सहकार न्यायालयात जाण्याची भाषा करत होते, पण वकिलाने निकाल वाचून दाखवल्यावर घरी आले. मग सगळ्या जागांवर आकडे रंगवले, दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप सुरू केलं आणि एका घराला एकच जागा ठरवली. चिठ्ठ्या कुणाच्या तरी नातवंडाने उचलायच्या ही प्रथा तेव्हाची. मला या कामाचा अभिमान वाटला आणि आजही वाटतो. पण त्या अभिमानातूनच पुढचं झालं, हेही खरं.

जागा वाटून झाल्यावर बाहेरच्या गाड्यांचा त्रास डोळ्यांत भरू लागला. शेजारच्या गल्लीत क्लास निघाले, कोपऱ्यावर दवाखाना आला. लोक आपल्या गेटसमोर आणि गेटच्या आतही गाड्या लावून जायचे. एकदा पहिल्या इमारतीतल्या आजोबांना रात्री छातीत दुखायला लागलं आणि रुग्णवाहिका गेटवर आठ मिनिटं अडकली. आजोबा वाचले. पण त्या आठ मिनिटांनंतर सगळ्यांचं एकमत झालं की काहीतरी कडक करायला हवं. २०१३ च्या जुलैत व्यवस्थापन समितीने ठराव केला : ‘नेमून दिलेल्या जागेशिवाय कोणतेही वाहन उभे आढळल्यास रु. ५०० दंड.’ मसुदा माझा. बँकेत पस्तीस-अडतीस वर्षे परिपत्रकं वाचून माझा असा समज झाला होता की नियमात अपवाद ठेवला की तिथूनच गळती सुरू होते. म्हणून ‘कोणतेही’ हा शब्द मी मुद्दाम घातला. पिवळ्या कागदाची पावतीपुस्तकं छापून आणली, मागे डिंक असलेली. वॉचमनने काचेवर पावती चिकटवायची, एक प्रत कार्यालयात. फलक लावला.

नियमाचा उपयोग झाला, हे नाकारत नाही. तीन महिन्यांत गेट मोकळं झालं.

आता तो कागद.

२०१४ च्या जुलैची गोष्ट. आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी राहत होते. नाव लिहीत नाही, जुन्या मंडळींना कळेल. ते त्या वर्षी मार्चमध्ये वारले. मुलगा लहान, कर्ज डोक्यावर. वहिनींनी फ्लॅट विकला आणि त्या श्रीरामपूरला भावाकडे राहायला निघाल्या. सामान न्यायला भावाने ओळखीचा ४०७ टेम्पो आणला. आपल्याकडे लिफ्ट नाही. दुपारी चारला भरायला सुरुवात केली आणि पाऊस आला. ताडपत्री टाकून थांबले, पाऊस ओसरल्यावर पुन्हा लागले, पुन्हा पाऊस. दोन हमाल, तीन मजले, लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलेलं. टेम्पो जिन्याच्या तोंडाशी, म्हणजे कुणाला नेमून न दिलेल्या जागेत उभा. वॉचमनने मला विचारलं. मी गॅलरीतून खाली पाहिलं आणि म्हणालो, ‘नियम सगळ्यांना सारखा.’ त्याने ओल्या काचेवर पिवळी पावती चिकटवली. टेम्पो निघायला रात्रीचे आठ वाजले.

पाचशे रुपये टेम्पोवाला देणार नव्हता, आणि तो का देईल? ती रक्कम फ्लॅटच्या खात्यात गेली. फ्लॅटच्या हस्तांतरणासाठी ना-देय दाखला लागतो, त्यात ती बाकी दिसली. वहिनींनी श्रीरामपूरहून पोस्टाने अर्ज पाठवला. तो फाइलमध्ये आहे. वहीच्या पानावर, नीट अक्षरात. मजकूर एवढाच की, मा. सचिव साहेब, आम्ही टेम्पो तिथे लावून कुठे गेलो नव्हतो. आम्ही सामान भरत होतो. पावसामुळे वेळ गेला. तरी दंड माफ व्हावा ही विनंती. त्याखाली लाल शाईत माझा शेरा आहे : ‘नियमानुसार. अर्ज अमान्य.’ आणि सही.

वहिनींनी चेक पाठवला. मी दाखला दिला. संकीर्ण उत्पन्नात पाचशे रुपये जमा झाले आणि प्रकरण संपलं, असं मी समजलो.

२०१७ च्या जूनमध्ये माझी लेक इंग्लंडात रेडिंग गावी एका भाड्याच्या फ्लॅटमधून दुसऱ्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिकडे हमाल वगैरे भानगड नाही, किंवा असेल तर परवडत नाही. ती, जावई आणि दोन वर्षांचा नातू. स्वतःच्याच गाडीतून तीन खेपा. तिसऱ्या खेपेला इमारतीच्या दाराशी गाडी थांबवून गादी आणि टेबल वर नेलं, खाली येऊन बघतात तर काचेवर पावती. शंभर पौंड, चौदा दिवसांत भरले तर साठ. आपल्या पैशात आठ हजारांवर. पावती पोलिसांची नव्हती, इमारतीच्या मालकाने पार्किंगसाठी नेमलेल्या एका खासगी कंपनीची होती. पोरीने फोनवर सांगितलं तेव्हा रडकुंडीला आली होती. मी संतापलो. ‘घर बदलणाऱ्या माणसाला दंड? सामान काय डोक्यावर घेऊन उडत जायचं का?’ असं मी म्हणालो. स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, ‘गुरुजींच्या टेम्पोला तुम्ही काय केलं होतं?’

मी फोनवर काही बोललो नाही. रात्री कार्यालयाची किल्ली घेतली आणि ती फाइल काढली.

पुढचे पंधरा दिवस जावई आणि मी मिळून तिकडचा कायदा वाचत बसलो. वाचकांना यातलं थोडं सांगतो, कारण ते आपल्याही कामाचं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये पूर्वी खासगी जागेत लावलेल्या गाडीच्या चाकाला कंपन्या कुलूप ठोकायच्या आणि पैसे घेतल्याशिवाय काढत नसत. २०१२ च्या ऑक्टोबरपासून कायद्याने ते बंद झालं. राहिल्या पावत्या. खासगी कंपनीची पावती हा सरकारी दंड नव्हे. फलक वाचून तुम्ही गाडी लावली म्हणजे तुमचा आमचा करार झाला आणि तो तुम्ही मोडला, असा तिचा आधार असतो. या आधारावर एक मोठा खटला झाला. चेम्सफर्ड गावात एका बाजारसंकुलाच्या वाहनतळावर दोन तास फुकट होते. एक गृहस्थ छप्पन्न मिनिटं जास्त थांबले आणि ८५ पौंडांची पावती आली. ते थेट त्यांच्या सुप्रीम कोर्टापर्यंत लढले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये हरले. कोर्ट म्हणालं, वाहनतळ खेळता राहावा हा वाजवी हेतू आहे, रक्कम अवाजवी नाही, फलक मोठा आणि स्पष्ट होता. हे वाचून जावयांचा धीर सुटला. मला मात्र मनात थोडं बरं वाटलं, हे कबूल करतो. म्हणजे माझा फलक आणि माझे पाचशे रुपये बरोबरच होते की!

ते समाधान दोन दिवस टिकलं. मग जावयांनी २०१६ च्या जूनमधला एक निकाल मिळवला, ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टाचा, न्यायाधीश चार्ल्स हॅरिस यांचा. एका इमारतीत राहणाऱ्या बाईंनी जड टेबल घरात न्यायचं म्हणून दाराशी थोडा वेळ गाडी थांबवली होती. त्यांना स्वतःची नेमून दिलेली जागा होती, पण ती दारापासून लांब. कंपनीने पावती लावली. खालच्या कोर्टाने बाईंनाच पैसे भरायला सांगितले. त्यांनी अपील केलं आणि जिंकल्या. न्यायाधीशांनी प्रश्न असा धरला की ही गाडी ‘पार्क’ केली होती का? आणि उत्तर दिलं, नाही. दूधवाला बाटल्या द्यायला गाडी थांबवून वर जातो, पोस्टमन टपाल टाकायला थांबतो, एखादा अशक्त माणसाला दारापर्यंत सोडायला उतरतो. यांना कुणी पार्किंग म्हणत नाही. मग अवजड सामान उतरवणाऱ्याला का म्हणायचं? दुसरा मुद्दा असा की घराच्या करारात दारापर्यंत ये-जा करण्याचा हक्क दिलेला होता आणि बाहेरून आलेल्या कंपनीच्या फलकाने तो हक्क काढून घेता येत नाही. काउंटी कोर्टाचा निकाल इतर कोर्टांवर बंधनकारक नसतो, पण त्यातला युक्तिवाद मला पाठ झाला. कारण तो मी आधी वाचलेला होता. वहीच्या पानावर, नीट अक्षरात : आम्ही टेम्पो तिथे लावून कुठे गेलो नव्हतो, आम्ही सामान भरत होतो.

लेकीचं अपील मी लिहिलं. इंग्रजी तिचं, मुद्दे माझे. कंपनीने आधी ‘फलक स्पष्ट होता’ असं उत्तर पाठवून ते फेटाळलं. उत्तराची भाषा माझ्या शेऱ्याच्या फार जवळची होती, फक्त लाल शाई नव्हती. मग ती स्वतंत्र अपील यंत्रणेकडे गेली आणि तिथे कंपनीने कारण न देता पावती मागे घेतली.

पण मला आता चैन नव्हतं. बँकेत असताना भारतीय करार कायदा १८७२ मी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती जशीच्या तशी मिळते असं नाही, त्या मर्यादेत वाजवी भरपाई तेवढी मिळते. गुरुजींच्या टेम्पोने सोसायटीचं काय नुकसान झालं होतं? त्या संध्याकाळी एकही गाडी अडली नव्हती, वॉचमनच्या वहीत तशी नोंद नाही. दुसरं, सभासदाला दंड लावायचा तर दंड किती हे सर्वसाधारण सभेने ठरवायचं आणि लावण्याआधी नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकायचं, अशी आपल्या आदर्श उपविधींची रीत आहे. आमचा ठराव फक्त समितीचा होता. तो सभेपुढे कधी ठेवलाच नव्हता. आणि म्हणणं ऐकायचं तर राहू द्या, मी गॅलरीतून खालीसुद्धा उतरलो नव्हतो. माझ्याच हाताखालच्या अधिकाऱ्याने असं प्रकरण आणलं असतं तर मी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं.

(कागदावर छापलं म्हणजे कायदा झाला असं नाही, हे पुढे २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टानेही एका वेगळ्या बाबतीत सांगितलं. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून एका पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली होती. किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिलेली होती आणि टोकनावर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं होतं. कोर्ट म्हणालं, स्वतःचा निष्काळजीपणा त्या छापील ओळीआड लपवता येणार नाही. वाहनतळावरची पावती न वाचता खिशात टाकणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.)

सप्टेंबर २०१७ च्या वार्षिक सभेत मी दोन ठराव मांडले. मी तेव्हा सचिव नव्हतो, साधा सभासद म्हणून मांडले. पहिला : सामान चढवणे-उतरवणे, रुग्णाला नेणे-आणणे, लग्न-मयत यांसाठी थांबलेली गाडी पार्क केलेली धरू नये. घर बदलणाऱ्याने आदल्या दिवशी कार्यालयात कळवावे, वॉचमनने दोरी लावून जागा राखून ठेवावी, रुग्णवाहिकेची वाट तेवढी मोकळी राहील असे पाहावे. दुसरा : २०१४ चे पाचशे रुपये परत करावेत. पहिला ठराव एकमताने झाला. दुसऱ्यावर तासभर चर्चा चालली. एक सभासद म्हणाले, ‘एकाला परत दिले की सगळे मागतील.’ बरोबर होतं. मी पावतीपुस्तकं मोजून गेलो होतो. चार वर्षांत एकतीस पावत्या, त्यातल्या सामानाच्या गाडीच्या तीन. त्यातल्या दोन भाडेकरूंच्या होत्या आणि त्यांनी दंड भरलाच नव्हता, मालकांनीही नाही. भरणाऱ्या फक्त वहिनी. दुसरे एक सभासद म्हणाले, ‘साहेब, तुम्ही स्वतःच्या खिशातून द्या ना, पाचशेचं काय एवढं?’ मी म्हटलं, माझ्या खिशातून दिले तर ती माझी दया होईल. पैसे सोसायटीने घेतले, सोसायटीनेच परत दिले पाहिजेत. ठराव अकरा विरुद्ध चार असा मंजूर झाला.

दिवाळीनंतर मी एसटीने श्रीरामपूरला गेलो. वहिनी एका शाळेत पोषण आहाराचं काम बघतात, मुलगा तेव्हा आठवीत होता. मी पाकीट पुढे केलं आणि सगळं सांगितलं. इंग्लंडचंही सांगितलं, ते त्यांना फारसं कळलं नाही. त्या म्हणाल्या, ‘पाचशेचं नाही हो भाऊजी. त्या दिवशी तुम्ही वर गॅलरीत उभे होता. मला वाटलं, आता खाली याल, कपाटाला हात लावाल. यांच्या आजारपणात तुम्ही दोनदा रक्त द्यायला माणसं जमवली होती ना.’ मग चहा आला. मुलाने मला गणिताची वही दाखवली. निघताना त्यांनी पाकीट घेतलं, परत केलं नाही, एवढ्यावर मी समाधान मानलं.

त्यांनी तो चेक कधी बँकेत भरला नाही. चेक तीन महिन्यांनी शिळा होतो, हे मी सोडून कुणाला सांगायचं? मी फोन केला. त्या म्हणाल्या, ‘देव्हाऱ्याच्या खणात आहे, असू द्या.’ नवा चेक पाठवू का विचारलं तर नको म्हणाल्या. हा लेख लिहिण्याआधीही फोन केला होता. ‘लिहा, पण माझं नाव नको,’ म्हणाल्या. मुलगा आता पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

आज आपल्याकडे चारचाकी एकतीस आहेत आणि जागा बावीस. इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगसाठी वायर कुठून न्यायची यावर गेल्या दोन सभा गेल्या. त्याचा इतिहास पन्नासाव्या वर्षीच्या स्मरणिकेत दुसऱ्या कुणाला लिहावा लागेल. मागच्या महिन्यात दुसऱ्या इमारतीत एक नवं जोडपं राहायला आलं. त्यांचा टेम्पो तीन तास जिन्याशी उभा होता आणि वॉचमनने दोरी लावून दिली होती. फ्रीज वर नेताना शेजारची दोन मुलं हात लावायला आली. मी खाली उतरलो होतो, पण गुडघ्यांमुळे नुसता उभा राहिलो.

पाचशे रुपये मात्र आपल्या ताळेबंदात दरवर्षी ‘इतर देणी’ या सदरात दिसतात. लेखापरीक्षक दरवर्षी त्यावर बोट ठेवतात, ‘ही एवढीशी रक्कम इतकी वर्षं का ओढता? उत्पन्नात जमा करून टाका.’ खजिनदार माझ्याकडे बघतात. मी मान हलवून नाही म्हणतो आणि ती ओळ पुढच्या वर्षाच्या पानावर जाते.